दादाच्या गिरणीतलं चुंबक

दादाशी माझं शेवटचं बोलणं झालं ते जेमतेम सव्वा मिनिटाचं. मोबाइलवर अजून दिसतं ते, मी पुसलेलं नाही. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, दारात धुणंवाली उभी होती, आणि दादानं तब्येतपाणी विचारून झाल्यावर नेहमीचाच प्रश्न टाकला, "औंदा चुंबकाचा धडा झाला का गं, शैले?" मी म्हटलं, झाला असेल, बघते, आता ठेवते. आणि ठेवला. त्यानंतर नवव्या दिवशी मी साताऱ्याला शाळेच्या स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत बसले होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. ती एरवी फोन करत नाही. "वन्सं, हे..." एवढंच म्हणाली, आणि पुढे नुसतं गिरणीतल्या बायकांचं रडणं ऐकू येत राहिलं. सकाळी गिरणी सुरू करायच्या आधीच, ऑफिसातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. साताऱ्याहून सांगलीला एसटीनं तीन-साडेतीन तास लागतात. त्या दिवशी गाडी कराडला बराच वेळ थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर चहा पिऊन आले, आणि मी खिडकीशी बसून रडायचं सोडून एकच वाक्य मनात घोकत होते. ते वाक्य मी त्याला सहा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. पोचले तेव्हा सगळे माझ्यासाठीच खोळंबले होते.

दादाला जाऊन आता दीड महिना झाला. त्याचं नाव विनायक, पण हळदीच्या बाजारात त्याला त्या नावानं कुणी हाक मारत नसे, तो 'गिरणीवाले'. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला टाकलेली हळद दळायची गिरणी त्यानं बारावीनंतर हातात घेतली ती शेवटपर्यंत. कपड्यांना, नखांना, कानाच्या पाळीलासुद्धा हळद. त्याच्या लग्नात हळद लावायला आलेल्या बायका हसत होत्या, ह्याला नवीन ती काय लावायची म्हणून. बोलणं अगदी कमी. गिरणीच्या आवाजात आयुष्य काढलेली माणसं एकतर ओरडून बोलतात, नाहीतर बोलतच नाहीत. दादा दुसऱ्या जातीतला. मी गिरणीत कधी न बसताही पहिल्या.

हळकुंडाच्या गोण्यांतून काय काय निघतं हे बाहेरच्याला खरं वाटणार नाही. खिळे, तारेचे तुकडे, गोणी शिवायच्या दाभणाची मोडलेली टोकं. त्यातलं एक जरी आत गेलं तरी ठिणग्या उडतात, मशीन बिघडतं, आणि लोखंडाचा चुरा कुणाच्या तरी आमटीत जातो. म्हणून गिरणीच्या तोंडाशी विटेएवढं एक चुंबक बसवलेलं असे. रोज संध्याकाळी गिरणी बंद झाली की ते काढायचं, फडक्यानं पुसायचं आणि ऑफिसातल्या फळीवर ठेवायचं. लहानपणी आमचं ते खेळणंच होतं, आणि त्याचे प्रताप आम्ही डोळ्यांनी पाहिलेले. एकदा ते अण्णांच्या भजनाच्या कॅसेटवर राहिलं, तर बुवांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. एकदा दादानं ते टीव्हीच्या काचेजवळ नेलं, तर पडद्यावर जांभळा-हिरवा डाग पडला तो महिनाभर हलला नाही. बातम्या देणाऱ्या बाईंचा एक गाल जांभळा! अण्णांनी दादाला त्या दिवशी फोकानं झोडलं. तेव्हापासून आमच्या घरात हा कायदाच झाला की चुंबक पुसतं. जे जे साठवलेलं असतं ते ते पुसतं.

मी आठवीत असताना कुवेतला नोकरी करणाऱ्या मामानं आमच्यासाठी व्हिडिओ गेमचं मशीन आणलं. त्याच्यासोबत एकच कॅसेट होती. कॅसेट आपली म्हणायची, ते होतं तळहाताएवढं करड्या प्लास्टिकचं खोकं, मशीनच्या खाचेत दाबून बसवायचं. त्यात मोटारीचा खेळ होता. नागमोडी रस्ता, समोरून गाड्या यायच्या, त्या चुकवत जायचं. आई सुरुवातीला आमच्यावर ओरडायची की डोळे फुटतील मेल्यांनो. मग एका दुपारी मी शाळेतून लवकर घरी आले, तर दार आतून लावलेलं, टीव्हीचा आवाज चालू, आणि खिडकीतून बघते तर आई पदर खोचून, जीभ दाताखाली धरून मोटार हाकतेय. मला बघून म्हणाली, काही नाही, चालतंय का ते बघत होते. जन्मात कधी सायकलवरसुद्धा न बसलेली बाई. पुढे तिनं लपवायचं सोडून दिलं. दुपारची भांडी झाली की तासभर ती आणि तिची मोटार. मी आणि दादा दोघं शर्थ करून सत्तर हजारांच्या पुढं कधी गेलो नाही. आईनं सत्त्याऐंशी हजार चारशे केले.

त्या कॅसेटीत एक सोय होती. पहिल्या पाच जणांची नावं आणि त्यांचे गुण ती लक्षात ठेवायची, मशीन बंद केलं तरी. नाव तीन इंग्रजी अक्षरांचं. आईला इंग्रजी येत नव्हतं, मी तिला दोनच अक्षरं शिकवली, ए आणि आय. ए दोनदा. घर अण्णांच्या नावावर, गिरणी अण्णांच्या नावावर, रेशनकार्डावर आई दुसऱ्या ओळीत. तिचं नाव सगळ्यांच्या वर लिहिलेलं जगात कुठे असेल तर ते त्या यादीत. ती त्याकडं बघून नुसती हसायची. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आई गेली, तीन महिन्यांच्या आजारानं. त्यानंतर कुणी तो खेळ खेळलं नाही. चुकून कुणाचे गुण वर गेले तर आई खाली जाईल, ही भीती. पण दर भाऊबीजेला ओवाळून झालं की दादा कॅसेट लावायचा, आम्ही दोघं पाटावरच बसून राहायचो, ती यादी येईपर्यंत थांबायचो, बघायचो आणि बंद करायचो. लग्न होऊन आलेल्या वहिनीला पहिल्या वर्षी वाटलं की ही ह्यांच्याकडची काहीतरी रीतच आहे. तशी ती रीतच झाली होती म्हणा.

माझं लग्न साताऱ्याला झालं, शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, आणि तरी भाऊबीज मी कधी चुकवली नाही. मग एका दिवाळीत सांगलीच्या घराला रंग काढला होता. रंगाऱ्यांनी घरभर पसारा मांडलेला, म्हणून दादानं मशीन आणि कॅसेट एका पत्र्याच्या डब्यात घालून गिरणीच्या ऑफिसात नेऊन ठेवलं. पंधरा दिवस ते तिथे होतं. भाऊबीजेला ओवाळून झालं, त्यानं कॅसेट लावली, यादी आली... आणि तिच्यात आई नव्हती. कंपनीनं घातलेली पाच परकी नावं होती, खेळ नवा आणला त्या दिवशी होती तीच. बंद करून पुन्हा लावली, फुंकर मारून पुन्हा लावली. मी डबा हातात घेतला, तर त्यावर हळदीची पूड. कुठे ठेवला होतास? गिरणीत. गिरणीत कुठे? त्यानं सांगितलं, त्या फळीवर. सांगता सांगताच त्याच्याही लक्षात येत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं मला. तिथे थांबायचं होतं ना मी! पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पाहुणे बसलेले, माझे यजमान बसलेले, वहिनी फराळाचं ताट घेऊन उभी, आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आईला पुसून टाकलंस तू, दादा."

त्यानं एकदाच विचारलं, चुंबकानं का? मी म्हटलं, नाहीतर काय. मी बी.एस्सी., मी विज्ञान शिकवणारी, माझ्या शब्दावर त्या घरात कोण शंका घेणार? त्यानंही घेतली नाही. कॅसेट काढून त्यानं शर्टाच्या खिशात घातली आणि गिरणीत निघून गेला, सणाच्या दिवशी, गिरणी बंद असताना.

त्यानंतर मी भाऊबीजेला सांगलीला गेले नाही. कधी शाळेचं निमित्त, कधी सासूबाईंचं आजारपण. राग तसा दोन-तीन वर्षांत निवला होता, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तसलं माझं. लग्नकार्याला भेटायचो, दोन शब्द बोलायचो. दिवाळीच्या आधी त्याच्याकडून हळदीचा डबा यायचा, माझ्या स्वयंपाकघरात कधी विकतची हळद आली नाही. आणि चार-सहा महिन्यांतून त्याचा फोन. बोलायला त्याच्याकडे काही नसायचं. पाऊस कसा आहे, तुझा गुडघा कसा आहे. आणि मग जरा थांबून, चुंबकाचा धडा झाला का गं? दरवर्षी, न चुकता. मला वाटायचं हा मला टोमणा मारतोय. तू मला सगळ्यांदेखत बोललीस ते मी विसरलो नाही, असं सुचवतोय. मग मी तुटकपणे म्हणायची, झाला की, का? तो म्हणायचा, काय न्हाई, सहज. की विषय संपला.

आता ते सहा वर्षांपूर्वीचं. आमच्या शाळेतला एक जुना कॉम्प्युटर रोज सकाळी तारीख विसरायला लागला. दुरुस्तीला एक जण आला, त्यानं पत्रा उघडून आतून नाण्याएवढा एक सेल काढला आणि म्हणाला, हा संपला मॅडम, आता ह्याला कालचं काही आठवत नाही. नवीन बसवला की झालं. मग मी त्याला आमच्या त्या कॅसेटीबद्दल विचारलं, दुसऱ्या कुणाची तरी म्हणून. तो म्हणाला, नाव लक्षात ठेवणारी असेल तर तिच्यातही असाच सेल असतो, दहा-पंधरा वर्षांनी संपतो, संपला की सगळं जातं. मी विचारलं, आणि चुंबकानं? तो हसला. गाण्याची कॅसेट पुसते, फ्लॉपी पुसते, जुन्या टीव्हीचे रंग बिघडतात, पण ह्यात फीत कुठाय पुसायला? चिप असते. तिला असल्या चुंबकानं काही होत नाही. वर म्हणाला, विज्ञान तुमचंच ना, मॅडम?

घरी येऊन मी पुस्तकं उघडली, वाचलं, पडताळलं. त्याचं बरोबर होतं. त्या दिवाळीला कॅसेट पंधरा वर्षांची झालेली होती. ती गिरणीत ठेवली असती काय, देव्हाऱ्यात ठेवली असती काय, आई जायचीच होती. दादानं काहीही केलेलं नव्हतं.

वाचणाऱ्याला वाटेल की मी लगेच फोन उचलला असेल. नाही उचलला. असलं काही फोनवर सांगायचं नसतं, समोर बसून सांगू, ह्या भाऊबीजेला जाऊच, असं ठरवलं. मग कृष्णेला पूर आला, मग साथीचे दिवस आले, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि सगळी खोटी आहेत. मला लाज वाटत होती. चूक कबूल करायची म्हणजे मधली सगळी वर्षं माझ्या पदरात घ्यावी लागणार होती, त्या सगळ्या न केलेल्या भाऊबीजा. वर्गात मी मुलांना सांगते की आधी प्रयोग, मग निष्कर्ष. आणि स्वतः? सख्ख्या भावाला शिक्षा सुनावताना मला एका सेकंदाचा प्रयोग करावासा वाटला नाही. त्यात पुन्हा दर फोनला त्याचा तो प्रश्न यायचा, आणि मला वाटायचं, टोमणे मारतोयस ना, मग थांब अजून. इतकी मूर्ख होते मी.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. दादा-वहिनीला मूलबाळ नाही, त्यामुळे विश्रामबागेतल्या त्या घरात अचानक आम्ही दोघीच उरलो, आणि घर एवढं शांत की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला व्हायचं. वहिनी मूळची वडूजची, कोरडवाहू मुलखातली, रडणंसुद्धा जपून वापरणारी. चौदाव्या दिवशी सकाळी तिनं गिरणीच्या किल्ल्या घेतल्या आणि म्हणाली, चला वन्सं, तुमची एक वस्तू हाय तितं. रिक्षानं गेलो. गिरणी बंदच होती. ऑफिसात दादाची खुर्ची तशीच, पाठीच्या जागी कापड पिवळं पडलेलं. वहिनी स्टुलावर चढली आणि पोटमाळ्यावरून तोच पत्र्याचा डबा काढला. मागे जुना लहान टीव्ही होता, तोही खाली घेतला. डब्यात मशीन, कॅसेट, आणि कॅसेटीवर चिकटपट्टी लावून दादाच्या अक्षरात दोन तारखा. पहिली त्या दिवाळीतली, माझ्या बोलण्यानंतर तीन दिवसांची. दुसरी पुराच्या वर्षातली.

ह्या तारखा कसल्या, मी विचारलं. वहिनीनं सगळं सांगितलं, मला वाटतं तेवढं ती एका दमात आयुष्यात बोलली नसेल. माझं बोलणं ऐकून दादा तिसऱ्याच दिवशी कॅसेट घेऊन टीव्हीच्या मेकॅनिककडे गेला होता. मेकॅनिकनं उघडून दाखवलं, सेल संपलाय. म्हणाला, चुंबकाचा ह्यात काय संबंध? त्यानं नवा सेल बसवला. मग दादा रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत इथे एकटाच बसून मोटार चालवायचा, आईचं नाव पुन्हा वर घालायला. चौदा वर्षांनी तो सेलही संपला, त्यानं आणखी एक बसवला आणि पुन्हा पहिल्यापासून खेळला. स्वतःचं नाव त्यानं कधी घातलं नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं, मी म्हटलं. पहिल्यापासून माहीत होतं. मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. वहिनीनं मान हलवली, नाही म्हणून.

"मेकॅनिक म्हणला वो, पर ह्यांचा इश्वास बसंना. म्हणायचे, त्येला सेल खपवायचा आसंल. शैली शिकल्याली हाय, ती म्हणंल तवा खरं. दर साली इचारायचे न्हवं का तुमाला? फोन ठिवला की मला म्हणायचे, अजून त्यो धडा आला न्हाई तिचा."

मी त्याच्या खुर्चीत बसले. स्टुलावर टीव्ही ठेवलेला, दुसरीकडे बसायला जागा नव्हती. वीस वर्षं तो मला टोमणा मारत नव्हता. तो विचारत होता. एका शिक्षिकेला, साधा प्रश्न, ज्याचं उत्तर तिला यायला हवं होतं. आणि त्यातली शेवटची सहा वर्षं ते मला येतही होतं. मी वहिनीला ते सांगितलं, लपवलं नाही. मला सहा वर्षांपासून माहीत होतं, वहिनी. कोपऱ्यातल्या स्टोव्हवर तिनं चहा ठेवला.

फळीवर चुंबक होतं. शेवटच्या संध्याकाळी त्यानं ते पुसून ठेवलेलं असणार, चकचकीत होतं. मी वहिनीला विचारलं, त्यानं कधी कॅसेट ह्यावर ठेवून बघितली का? म्हणाली, न्हाई. लय येळा हातात घ्यायचे, पर धीर व्हत नव्हता. शैली आली की ठिवू म्हणायचे.

टीव्ही मी आधी दूर सरकवला. मग टेबलावर चुंबक ठेवलं आणि त्यावर आडवी ती कॅसेट ठेवली. ती किंचित खेचली जाऊन चिकटली, आतल्या सेलच्या पत्र्यामुळे. वहिनीचा हात आपोआप पुढे आला, मग तिनं तो मागे घेतला. आम्ही चहा प्यालो. दोघींनी बशीत ओतून, सावकाश. कप विसळून झाले तरी मी आणखी थोडी थांबले, प्रयोगात घाई करू नये म्हणून. मग कॅसेट उचलली, टीव्हीपाशी नेली, मशीनच्या खाचेत दाबली आणि बटण दाबलं. पडदा उजळायला वेळ लागला. मोटार आली, रस्ता आला, आणि मग ती यादी.

पहिल्या नंबरावर आई होती. एकसष्ट हजार दोनशे. सत्त्याऐंशी हजार त्याला कधी जमले नाहीत, पण नाव होतं, तिन्ही अक्षरं जागच्या जागी. एक रेघ हललेली नव्हती. मी पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, बघ वहिनी, चुंबकानं काही होत नाही. दादानं काही केलं नव्हतं. मी हे मोठ्यानं म्हणाले, आख्ख्या रिकाम्या गिरणीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

वहिनीच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"हे ते आसताना करायचं व्हतं, वन्सं."